अक्षर आणि साक्ष : हस्ताक्षरतज्ज्ञ अल्बर्ट ऑस्बर्न

बनावट कागदाशी मराठी माणसाची पहिली ओळख होते ती 'ध'चा 'मा' या वाक्प्रचारातून. शनिवारवाड्यात ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला. 'नारायणरावांस धरावे' असा मूळ हुकूम होता आणि आनंदीबाईंनी त्यातील 'ध'चा 'मा' केला, ही आख्यायिका आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. ती पुराव्याने सिद्ध झाली आहे असे इतिहासकार म्हणत नाहीत. परंतु क्षणभर खरी धरून चालू. तो कागद आज आपल्यापुढे आला तर त्याच्याकडे कसे पाहावे? दोन्ही अक्षरांची शाई एकच आहे काय? कागद तेवढ्या जागी खरवडून पातळ झाला आहे काय? नवे अक्षर शेजारच्या अक्षरांच्याच हातचे आहे की दुसऱ्या? आनंदीबाईंच्या हातचे म्हणून निर्विवाद असे दुसरे लेखन कोठे मिळेल? हे प्रश्न विचारणे आणि त्यांची उत्तरे न्यायालयात शपथेवर देणे, हाच ज्यांचा व्यवसाय आहे त्यांना हस्ताक्षरतज्ज्ञ किंवा अधिक काटेकोरपणे दस्तऐवज-परीक्षक म्हणतात. प्रस्तुत लेख या व्यवसायाविषयी, आणि त्याला शास्त्राची शिस्त लावणाऱ्या एका अमेरिकन गृहस्थाविषयी आहे.

या विषयाकडे मी वळलो तो मात्र इतिहासातून नव्हे, तर आमच्या घरातील एका लहानशा प्रसंगामुळे. माझे आजोबा चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. प्राथमिक शाळेत शिक्षक म्हणून त्यांनी हयात घालवली. त्यांचे अक्षर असे की गावातील लोक लग्नाच्या याद्या त्यांच्याकडून लिहून घेत. गेल्या वर्षी बँकेतून पेन्शनचे पैसे काढण्यासाठी त्यांनी स्लिप भरली आणि ती परत आली. "आजोबा, सही जुळत नाही," असे खिडकीतल्या मुलाने सांगितले. दुसऱ्यांदा केलेली सहीही परत आली. बँकेपाशी होती ती वीस वर्षांपूर्वीची सही. आताच्या सहीत हाताचा कंप आला होता. घरी येऊन आजोबांनी जुन्या पासबुकावरची स्वतःची सही पुढे ठेवली आणि कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर ती गिरवण्याचा सराव केला. अगदी कित्ता गिरवावा तसा. तिसऱ्या दिवशी बँकेत त्यांनी सावकाश, थांबत थांबत, एकेक वळण काढून सही केली, आणि ती मंजूर झाली.

आम्ही सगळे हसलो. आजोबा हसले नाहीत. "आज मी माझीच खोटी सही केली," एवढेच ते म्हणाले. ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. पुढे ऑस्बर्न यांच्या पद्धतीविषयी वाचताना लक्षात आले की आजोबा शब्दशः खरे बोलले होते.

अल्बर्ट शेरमन ऑस्बर्न यांचा जन्म १८५८ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात झाला. ते कायद्याचे पदवीधर नव्हते, रसायनशास्त्रज्ञही नव्हते. १८८२ साली न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे ते एका व्यापारी शिक्षणसंस्थेत सुलेखनाचे शिक्षक म्हणून लागले. टंकलेखनयंत्र तेव्हा नुकतेच येत होते; बहुतेक कचेऱ्यांतील पत्रे, हिशेब आणि करार हातानेच लिहिले जात आणि कारकुनाचे अक्षर हे त्याचे भांडवल असे. शेकडो विद्यार्थ्यांचे कित्ते तपासता तपासता या शिक्षकाच्या डोळ्यांना एक सवय लागली. विद्यार्थ्याने काय शिकले आहे आणि शिकवलेले असूनही तो काय वेगळे करतो, हे त्यांना वेगवेगळे दिसू लागले.

या व्यवसायाची सगळी इमारत ह्याच भेदावर उभी आहे, म्हणून येथे थोडे थांबले पाहिजे. आपलेच उदाहरण घेऊ. मराठी शाळेत शिकलेला मनुष्य पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' काढतो. हिंदी शाळेत शिकलेल्याचे हे दोन्ही वेगळे असतात. एखाद्या निनावी पत्रात पाकळीचा 'ल' दिसला, तर लिहिणारा मराठी शाळेतून गेला असावा एवढेच म्हणता येईल. अमुकच मनुष्य, असे मुळीच म्हणता येणार नाही, कारण ते वळण लाखोंचे आहे. परंतु शिरोरेषा अक्षरागणिक काढायची की शब्द संपल्यावर एका फटक्यात, ती डावीकडे किती बाहेर येते, वेलांटी अक्षराला टेकते की अंतराळी राहते, 'र'चा पाय कोठे सुटतो, काना खाली उतरताना दाब वाढतो की कमी होतो, या गोष्टी कोणी शिकवत नाही. त्या हाताला आपोआप लागतात, आणि लिहिणाऱ्याला स्वतःलाही ठाऊक नसतात. अशी एखादी लकब पुष्कळांत सापडेल, परंतु पंधरा-वीस लकबींची तीच जुळणी दुसऱ्या माणसात सापडणे दुर्मिळ. तज्ज्ञाचे काम त्या जुळणीचे आहे. आणि त्याचबरोबर, नीट स्पष्ट होऊ न शकणारा एकही मूलभूत फरक आढळला तर वीस साम्ये बाजूला ठेवण्याचे धैर्यही त्याच्यापाशी हवे.

हे धैर्य नसले म्हणजे काय होते, याचा धडा ऑस्बर्न उमेदवारी करीत होते त्याच काळात फ्रान्समध्ये जगाला मिळाला. १८९४ साली फ्रेंच लष्कराच्या हाती एक निनावी चिठ्ठी लागली. लष्करी गुपिते जर्मनांना विकत असल्याचे तीवरून दिसत होते. संशय आला आल्फ्रेड ड्रेफस या ज्यू अधिकाऱ्यावर. बँक ऑफ फ्रान्सचे तज्ज्ञ गोबेर यांनी अक्षर पाहून सांगितले की हे लेखन संशयित सोडून दुसऱ्या कोणाचेही असू शकेल. हे उत्तर अधिकाऱ्यांना नको होते. मग कागद गेला आल्फाँस बर्तियों यांच्याकडे. शरीराच्या मापांवरून गुन्हेगार ओळखण्याची पद्धत काढणारे म्हणून ते युरोपभर प्रसिद्ध होते, पण हस्ताक्षर हा त्यांचा विषयच नव्हता. त्यांना दोन्ही अक्षरांत साम्य दिसले. फरकही दिसले, तेव्हा त्यांनी सिद्धांत मांडला की ड्रेफस यांनी पकडले गेल्यास सुटका व्हावी म्हणून स्वतःच्याच अक्षराची मुद्दाम बनावट नक्कल केली आहे! म्हणजे साम्य असले तरी ड्रेफस दोषी आणि फरक असला तरी ड्रेफस दोषी. ५ जानेवारी १८९५ रोजी त्यांची भर चौकात मानचिन्हे उतरवली गेली आणि त्यांना डेव्हिल्स आयलंडवर धाडण्यात आले. चिठ्ठीचा खरा लेखक एस्टरहाझी नावाचा दुसराच अधिकारी होता. पुढे त्या चिठ्ठीचे छायाचित्र छापून विकले जाऊ लागले, तेव्हा एस्टरहाझीशी पत्रव्यवहार असलेल्या एका पेढीवाल्याने ते पाहताक्षणी अक्षर ओळखले. ड्रेफस यांची निर्दोष म्हणून मुक्तता होण्यास १९०६ साल उजाडले.

त्यानंतर चार वर्षांनी, १९१० साली, ऑस्बर्न यांचा 'क्वेश्चन्ड डॉक्युमेंट्स' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आज शंभरांहून अधिक वर्षे लोटली तरी या व्यवसायात शिरणाऱ्याला तो वाचावाच लागतो. या ग्रंथात नुसत्या अक्षरांची चर्चा नाही; कागद, शाई, लेखणी, घडी, खोडाखोड, टंकलेखन या सर्वांचा विचार आहे. घडी आधी पडली की शाई आधी आली, हे घडीवरून जाणाऱ्या रेषेतील शाई पसरली आहे की नाही यावरून कळू शकते. एवढ्या एका निरीक्षणावर एखादी इस्टेट इकडची तिकडे होऊ शकते.

मला सर्वांत विलक्षण वाटला तो सहीविषयीचा विचार. आपली सामान्य समजूत अशी की खरी सही म्हणजे नमुन्याशी तंतोतंत जुळणारी सही. परीक्षकाचा अनुभव याच्या नेमका उलट आहे. कोणताही मनुष्य दोनदा अगदी एकसारखी सही करू शकत नाही. त्याच्या प्रत्येक सहीत किंचित फरक असतो आणि त्या फरकालाही एक मर्यादा असते. तेव्हा दोन सह्या एकमेकींवर ठेवल्या आणि रेषेला रेषा बसली, तर त्यांपैकी निदान एक तरी काचेवर धरून गिरवलेली असली पाहिजे.

याचे गाजलेले उदाहरण न्यूयॉर्कमधील विल्यम मार्श राइस यांचे. हे अतिश्रीमंत गृहस्थ २३ सप्टेंबर १९०० रोजी आपल्या घरात मरण पावले. वय चौऱ्याऐंशी, म्हणजे माझ्या आजोबांइतकेच. मागाहून एक मृत्युपत्र पुढे आले. त्यात संपत्तीचा मोठा भाग अल्बर्ट पॅट्रिक नावाच्या वकिलाला ठेवलेला. मृत्युपत्राच्या चार पानांवर चार सह्या होत्या, आणि त्या चारही एकमेकींशी इतक्या तंतोतंत जुळत होत्या की चौऱ्याऐंशी वर्षांच्या वृद्धाच्या थरथरत्या हातून तसे घडणे अशक्य होते. प्रकरण उघडकीस आले ते मात्र याहून साध्या चुकीमुळे. मृत्यूच्या दुसऱ्या दिवशी पंचवीस हजार डॉलरचा एक धनादेश बँकेत आला, त्यावर पॅट्रिक यांच्या 'अल्बर्ट' या नावातील एक अक्षर गळले होते. कारकुनाला शंका आली, त्याने राइस यांच्या घरी दूरध्वनी केला, आणि ते वारल्याचे कळले. मालकाला क्लोरोफॉर्म देऊन मारल्याची कबुली पुढे त्यांच्या नोकराने दिली. १९०२ साली पॅट्रिक याला मृत्युदंड सुनावला गेला; तो १९०६ साली जन्मठेपेत बदलला आणि १९१२ साली त्याला माफीही मिळाली. राइस यांच्या संपत्तीतून टेक्सासमधील ह्यूस्टन येथे उभे राहिलेले विद्यापीठ त्याच १९१२ साली सुरू झाले, हा योगायोग.

आता कंपाविषयी. वृद्धाच्या सहीत कंप असतो आणि बनावट सहीतही असतो. मग दोन्हींत फरक कसा करायचा? ऑस्बर्न परंपरेचे परीक्षक सांगतात की म्हाताऱ्या हाताचा कंप बेफिकीर असतो. रेषा वाकडी जाते, पण लिहिणारा मागे वळून ती दुरुस्त करीत नाही. मध्येच एखादा फटकारा पूर्वीच्या सवयीने सहज, वेगात मारलेला दिसतो. शेवटचे टोक निमुळते होत कागदावरून सुटते. बनावट करणाऱ्याचा कंप भीतीचा आणि सावधपणाचा असतो. त्याची रेषा सगळीकडे सारख्याच जाडीची, कारण तो लिहीत नसतो, चित्र काढीत असतो. भलत्याच जागी लेखणी उचललेली असते, आणि जोड लपवण्यासाठी त्यावर पुन्हा नाजूकपणे रेषा ओढलेली असते. आपली सही बिघडली म्हणून ती डागडुजी करीत बसणारा खरा मालक क्वचितच सापडेल.

आजोबांच्या तीन स्लिपा या दृष्टीने पाहा. परत आलेल्या दोन्ही सह्या वेड्यावाकड्या, पण सहज. शेवटचा फटकारा अजूनही मास्तरकीच्या दिवसांतला. मंजूर झालेली तिसरी सुबक, सावकाश आणि जागोजाग थांबलेली. एखाद्या परीक्षकापुढे या तिन्ही ठेवल्या असत्या तर बँकेने जी घेतली तिच्यावरच त्याने प्रथम बोट ठेवले असते. खिडकीतल्या मुलाचा यात दोष नाही. त्याच्यापुढे एकच जुना नमुना होता आणि मागे रांग होती. नमुने अनेक हवेत, निर्विवाद हवेत आणि वादातील कागदाच्या आसपासच्या काळातले हवेत, हा तर या शास्त्राचा पहिला पाठ आहे.

ऑस्बर्न यांची दुसरी कामगिरी न्यायालयातील. त्यांच्या आधी तज्ज्ञ पिंजऱ्यात उभा राही, "माझे मत असे आहे" म्हणे आणि खाली उतरे. विरुद्ध पक्षाचा तज्ज्ञ उलट मत देई आणि पंच दोघांनाही हसत. नुसत्या मताला किंमत नाही, मतामागची कारणे पंचांच्या डोळ्यांना दिसली पाहिजेत, असा ऑस्बर्न यांचा आग्रह होता. मोठी केलेली छायाचित्रे शेजारी शेजारी लावून ते पंचांना जणू वर्गात शिकवीत. शेवटी शिक्षकच ते! शिवाय, इतर कारणाने पुराव्यात न आलेला नमुना केवळ तुलनेसाठी पुढे करण्यास अमेरिकेच्या संघीय न्यायालयांत परवानगी नव्हती. ती १९१३ सालच्या कायद्याने मिळाली. आपल्याकडे १८७२ सालच्या पुरावा कायद्याने हस्ताक्षराविषयीचे तज्ज्ञाचे मत आणि न्यायालयाने स्वतः करावयाची तुलना या दोन्हींना आधीच जागा करून दिली होती, हे आपल्या कायद्याच्या अभ्यासकांना सांगितले पाहिजे. अक्षर परिचयाचे असलेल्या माणसाची साक्षही हा कायदा ग्राह्य धरत असे. तो फ्रेंच पेढीवाला आपल्याकडे रीतसर साक्षीदार झाला असता.

ऑस्बर्न यांच्या आयुष्यातील सर्वांत प्रसिद्ध खटला आला तेव्हा ते शहात्तर वर्षांचे होते. अटलांटिक महासागर एकट्याने विमानातून ओलांडणाऱ्या चार्ल्स लिंडबर्ग यांचे तान्हे मूल १ मार्च १९३२ रोजी न्यू जर्सीतील घरातून पळवले गेले. पन्नास हजार डॉलरची मागणी करणाऱ्या चिठ्ठ्या आल्या. पैसे दिले गेले, परंतु मे महिन्यात मुलाचे प्रेतच सापडले. चिठ्ठ्यांची इंग्रजी जर्मन वळणाची होती. 'गुड'चे 'गुट' आणि 'बोट'चे 'बोड' केलेले, डॉलरचे चिन्ह आकड्याच्या मागे. सप्टेंबर १९३४ मध्ये ब्रुनो हाउप्टमन या जर्मन सुताराला पकडले. त्याच्या गॅरेजमध्ये खंडणीच्या नोटा सापडल्या. १९३५ च्या आरंभी खटला चालला, तेव्हा सरकारपक्षातर्फे आठ हस्ताक्षरतज्ज्ञ उभे राहिले. त्यांत ऑस्बर्न पिता आणि पुत्र दोघेही होते. सर्वांनी चिठ्ठ्या हाउप्टमनच्याच हातच्या असल्याचे सांगितले. ३ एप्रिल १९३६ रोजी त्याला विजेच्या खुर्चीत बसवण्यात आले.

या खटल्याबद्दल मला जे खटकते ते येथे नमूद करणे योग्य होईल. पोलिसांनी नमुना म्हणून मजकूर लिहून घेतला तेव्हा शब्दांची चुकीची रूपे मला तशीच लिहावयास सांगितली, अशी हाउप्टमनची तक्रार होती. आणि खटल्याचा इतिहास लिहिणाऱ्यांनी नोंदवले आहे की ऑस्बर्न यांच्या मुलाचा पहिला अभिप्राय प्रतिकूल होता. नोटा सापडल्याची बातमी आल्यानंतर तो बदलला. हाउप्टमन निर्दोष होता असे मला म्हणावयाचे नाही. नोटांचा पुरावा मोठाच आहे. परंतु नोटा सापडल्याने अक्षरात काय बदल झाला? ते कालही तेच होते आणि आजही तेच. बातमीचा परिणाम पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर झाला असेल, तर तेथे आठ तज्ज्ञ उभे राहिले काय आणि ऐंशी काय, साक्ष एकाच बातमीची ठरते. बर्तियों यांच्या अहंकाराला आपण हसतो. हा मोह मात्र सभ्य, अभ्यासू आणि प्रामाणिक माणसालाही होतो, म्हणून तो अधिक घातक.

ऑस्बर्न १९१३ पासून आपल्या व्यवसायबंधूंना दरवर्षी एकत्र बोलावीत, एकमेकांच्या पद्धती तपासून पाहत. त्यातूनच १९४२ साली अमेरिकेतील दस्तऐवज-परीक्षकांची संस्था जन्मली आणि ते तिचे पहिले अध्यक्ष झाले. १९४६ साली त्यांचे निधन झाले. पेढी वारसांनी पुढे चालवली. आणि १९७१ साली याच पेढीकडे एक प्रकरण आले. क्लिफर्ड आयर्विंग नावाच्या कादंबरीकाराने, एकांतवासी अब्जाधीश हॉवर्ड ह्यूज यांनी आपले आत्मचरित्र माझ्याकडे सोपवले आहे, असे सांगून प्रकाशकाकडून प्रचंड रक्कम उचलली होती. पुरावा म्हणून ह्यूज यांची पत्रे होती. ऑस्बर्नांच्या वारसांनी ती तपासून खरी ठरवली. जानेवारी १९७२ मध्ये स्वतः ह्यूज यांनी दूरध्वनीवरून पत्रकारांना सांगितले की या लेखकाला मी ओळखतही नाही. ती सगळी पत्रे आयर्विंगने बसून लिहिली होती, नियतकालिकात छापलेल्या ह्यूज यांच्या पत्रावरून सराव करून. नक्कल करताना तो थबकला नाही, एवढेच त्याचे कौशल्य. आजोबांची खरी सही खोटी ठरते आणि ही पत्रे खरी ठरतात!

मग हे शास्त्र विश्वासार्ह आहे की नाही? याचे मोजून दिलेले उत्तर अलीकडेच मिळाले आहे. २०२२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ८६ व्यावसायिक परीक्षकांनी दिलेले ७१९६ निष्कर्ष तपासण्यात आले. दोन भिन्न माणसांचे लेखन एकाचेच ठरवण्याची चूक ३.१ टक्के वेळा झाली. लिहिणारे जुळे असतील तेव्हा ती ८.७ टक्क्यांपर्यंत गेली. एकाच माणसाचे लेखन दोघांचे ठरवण्याची चूक १.१ टक्के. शंभरात तीन हा आकडा परीक्षेत चांगला वाटेल. ज्याला तुरुंगात जायचे आहे त्याला तो लहान वाटणार नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाची भूमिकाही सावध आहे. १९७७ च्या मगन बिहारी लाल खटल्यात, केवळ तज्ज्ञाच्या मतावर शिक्षा देणे धोक्याचे आहे, असे न्यायालय म्हणाले; १९८० च्या मुरारी लाल खटल्यात खुलासा केला की तज्ज्ञ हा काही गुन्ह्यातील साथीदार नव्हे, त्याची कारणे पटत असतील तर दुजोऱ्यावाचूनही मत स्वीकारता येईल; मात्र हे शास्त्र बोटांच्या ठशांइतके परिपूर्ण नाही, हे विसरू नये. १ जुलै २०२४ पासून १८७२ च्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली; कलमांचे क्रमांक बदलले, हा विचार कायम आहे.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक वाटते. अक्षरावरून स्वभाव किंवा भविष्य सांगणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. रविवारच्या पुरवण्यांतून त्यांची सदरे येतात आणि आपण ती चवीने वाचतो. दस्तऐवज-परीक्षणाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. परीक्षकाला लिहिणारा उदार की कंजूष याच्याशी कर्तव्य नसते. कोणी लिहिले, आणि कागदात मागाहून काही बदलले काय, एवढेच तो पाहतो.

आपल्या देशात या कामाची सरकारी सुरुवात १९०४ साली बंगालमध्ये झाली आणि १९०६ साली ते कार्यालय सिमल्यास गेले. पुढे कोलकाता आणि हैदराबाद येथेही त्याचे विभाग निघाले. महाराष्ट्रात पोलिसांच्या गुन्हे अन्वेषण विभागाकडे, पुण्यात, दस्तऐवज-परीक्षकांचे कार्यालय आहे. काम बहुधा नीरस असते. वटलेले धनादेश, भाडेपावत्या, सातबाराचे अर्ज, मृत्युपत्रे, परीक्षेच्या उत्तरपत्रिका, कधी आत्महत्येपूर्वीची चिठ्ठी. सूक्ष्मदर्शक, तिरका प्रकाश, अतिनील आणि अवरक्त किरण ही नेहमीची साधने. वरच्या पानावर लिहिताना खालच्या कोऱ्या पानावर उमटलेले अदृश्य वळ विजेच्या साहाय्याने दाखवणारे एक यंत्र १९७० च्या दशकात इंग्लंडमध्ये तयार झाले. बर्मिंगहॅम येथील बाँबस्फोटांसाठी सोळा वर्षे तुरुंगात काढलेले सहा जण १९९१ साली सुटले, त्यात पोलिसांच्या टिपणवह्यांवर या यंत्राने केलेल्या तपासणीचाही वाटा होता.

या वाटेने जाण्याची इच्छा असलेल्या आपल्या शाखेतील मित्रांना एक अप्रिय गोष्ट सांगितली पाहिजे. सरकारी पदांसाठी बहुधा रसायन, पदार्थविज्ञान किंवा न्यायवैद्यक विज्ञान यांतील पदवी मागतात. न्यायवैद्यक विज्ञानाचे शिक्षण देणाऱ्या शासकीय संस्था महाराष्ट्रात आहेत, २०२० साली तर गांधीनगरला या विषयाचे राष्ट्रीय विद्यापीठ झाले. परंतु त्यांचेही दार विज्ञान शाखेकडे अधिक उघडते. शाईचे पृथक्करण करायचे तर रसायनशास्त्र हवेच, हे मान्य. तरीही सुलेखन शिकवणारा मास्तरच या शास्त्राचा प्रवर्तक होता, हे विसरता येत नाही. आणि आपल्याकडे असे एक क्षेत्र आहे जेथे नुसते रसायनशास्त्र पुरत नाही, ते म्हणजे मोडी. जमिनीच्या आणि वारसाच्या वादांत अजूनही मोडी कागद पुढे येतात. मोडीत शिरोरेषा आधी ओढून घेत आणि अक्षरे तिला लोंबती, शक्यतो हात न उचलता लिहीत. लेखणी बोरूची की टाकाची यावर रेषेची जाडी-बारीक ठरे. यातले कोणते वळण त्या काळाचे आणि कोणते त्या कारकुनाचे, हे न कळणाऱ्याने मोडी सहीवर मत देऊ नये. मोडी वाचणारे इतिहासाचे विद्यार्थी आपल्याच महाविद्यालयांतून तयार होतात. त्यांतील एखाद्याने पुढे विज्ञानाच्या बाजूचे शिक्षण घेण्याची, आणि दोन-तीन वर्षे एखाद्या अनुभवी परीक्षकाच्या हाताखाली बसण्याची तयारी ठेवावी.

आजोबांचे बँकेचे प्रकरण आता मिटले आहे. मी सुचवल्यावरून त्यांनी नव्याने सह्यांचे कार्ड भरून दिले. त्या दिवशी ते कॅलेंडरवर सराव न करताच गेले. कार्डावर तीन सह्या आहेत, आणि तिन्ही वेगवेगळ्या.